भक्तकवि नारायण वामन टिळक

मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांची उपासना जेथें जेथें भरते, मग तें मुंबईचें मोठें मंदिर असो कीं खेड्यांतील कौलारू खोली असो, तेथें टिळकांचें एखादें पद गाइलें गेलें नाहीं असा रविवार विरळाच. बाप्तिस्म्याच्या प्रसंगीं, लग्नाच्या मंडपांत, मृताच्या घरीं शोक करणारांमध्यें बसलें असतां, त्यांचेच शब्द आपल्या ओंठीं येतात. परंतु जें नित्य ओंठीं असतें त्याच्याकडे लक्ष जात नाहीं. हीं पदें रचणारा पुरुष कोण होता आणि तीं रचण्यापूर्वीं त्याला काय काय सोसावें लागलें, हें आपल्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत असून स्वभावानें कडक होते. आई जानकीबाई मायाळू, देवभक्त व कवितेची आवड असलेली होती. पुढें टिळकांच्या ठायीं जें कवित्व व जी ईश्वराची ओढ दिसून आली तिचें बीज ह्या माउलीनेंच पेरिलें असें म्हटलें पाहिजे. परंतु मुलगा ११-१२ वर्षांचा असतांनाच आई निवर्तली. घरांतील ओलावा नाहींसा झाला आणि तो पोर वयांतच घर सोडून नाशकास गेला. तेथें गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशीं त्यानें संस्कृताचें अध्ययन केलें व थोडें इंग्रजीहि संपादन केलें. पुढें इ. स. १८८० च्या सुमारास नाशकाजवळील जलालपूर येथील गोखले घराण्यांतील मनकर्णिका नांवाच्या मुलीशीं त्यांचें लग्न झालें. सासरीं तिचें नांव लक्ष्मी ठेवण्यांत आलें. 'स्मृतिचित्रें' लिहून मराठी वाङ्मयांत अमर झालेल्या लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच.

लग्न झालें तरी टिळकांचें चित्त एका ठिकाणीं स्थिर होईना. आज ह्या गांवीं शिक्षक, उद्यां त्या गांवीं कीर्तनकार, परवां तिसऱ्याच गांवीं कवि व वक्ता, असा त्यांचा क्रम चालला. नागपुरास आप्पासाहेब बुटी ह्या विद्याप्रेमी गृहस्थांच्या आश्रयानें त्यांनीं संस्कृत ग्रंथांचें काम केलें व 'ऋषि' नांवाचें धर्मविषयक मासिकहि चालविलें. बाहेरून पाहणारास हें केवळ भटकणें वाटे. परंतु आंत एक प्रश्न त्यांना स्वस्थ बसूं देत नव्हता. ज्या देशावर आपलें इतकें प्रेम आहे त्यांतील माणूस माणसाला शिवत नाहीं. तेव्हां सर्वांना एका पित्याचीं लेंकरें म्हणून एका पंक्तीस बसवील असा धर्म कोणता, आणि माझ्या स्वतःच्या अंतःकरणाला शांति देईल असा गुरु कोठें सांपडेल, हा तो प्रश्न होय.

इ. स. १८९३ च्या सुमारास ते आगगाडीनें राजनांदगांवास जात होते. त्याच डब्यांत एक युरोपियन गृहस्थ बसले होते. गाडींत साहेब आणि नेटिव एकत्र आले म्हणजे काय घडे, हें त्या काळच्या लोकांना सांगावयास नको होतें. परंतु ह्या गृहस्थांनीं टिळकांना आदरानें जागा दिली, त्यांच्याशीं गोष्टी केल्या, आणि निरोप घेतांना नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातीं ठेवून ती वाचण्याची व प्रार्थना करण्याची विनंति केली. टिळकांनीं शब्द दिला व तो पाळला. वाचतां वाचतां ते मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथेंच खिळून राहिले. वैऱ्यावर प्रीति करावी, दान गुप्तपणें करावें, आणि दार लावून घेऊन एकांतांत पित्याची प्रार्थना करावी, हा उपदेश त्यांनीं पूर्वीं कोणाच्या मुखें असा ऐकिला नव्हता. ते ख्रिस्ताचें चरित्र अभ्यासूं लागले, आणि मंदिराची पायरी चढण्याच्या कितीतरी आधीं एकटेपणीं त्याच्या नांवानें प्रार्थना करूं लागले. विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट मनांत धरावी. टिळकांच्या भक्तीचा आरंभ सभेंत झाला नाहीं, तो बंद दाराआड झाला.

ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंदिरांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशीं त्यांनीं काय सोडलें ह्याचा हिशेब केला तर अंगावर कांटा येतो. जात गेली, आप्तेष्ट तुटले, विद्वानांच्या सभेंतील मान गेला. परंतु सर्वांत मोठा घाव वेगळाच होता. लक्ष्मीबाई त्या वेळीं माहेरच्या व सासरच्या मंडळींत होत्या. पति जिवंत असतां आपण त्याला अंतरलों, ह्या दुःखानें त्या वेड्यापिशा झाल्या. लहानगा दत्तू त्यांच्याजवळ होता. पंढरपुरास नातलगांच्या घरीं त्यांनीं कांहीं काळ काढिला. टिळक पत्रें पाठवीत, भेटीस येत, आणि रित्या हातानें परत जात. चार-पांच वर्षें हा वियोग चालला. धर्मांतराची गोष्ट सांगतांना आपण पुष्कळदां केवळ आनंदाचीच सांगतों, परंतु त्या आनंदाच्या शेजारीं एक स्त्री रडत होती हें विसरणें न्यायाचें होणार नाहीं. टिळकांनाहि त्याचा विसर पडला नाहीं.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगर येथें राहिले. तेथें डॉ. रॉबर्ट ह्यूम ह्यांच्या सहवासांत पाळक व उपदेशक तयार करणाऱ्या शाळेंत ते शिकवीत. अखेर लक्ष्मीबाई नगरास आल्या. पतीच्या गांवीं आल्या तरी त्यांनीं आपलें सोंवळेंओंवळें सोडलें नाहीं. त्यांचें पाणी वेगळें व चूल वेगळी असे. टिळकांनीं त्यांवर बळजबरी केली नाहीं. ते प्रार्थना करीत राहिले व वाट पाहत राहिले. पुढें लक्ष्मीबाईंच्याच मनांत विचार येऊं लागला, कीं माणसांत ही उच्चनीचता देवानें केली कीं माणसानें. हळूहळू त्यांचें उत्तर त्यांनाच सांपडलें, आणि इ. स. १९०० मध्यें त्यांनीं आपल्या बुद्धीनें व आपल्या पायांनीं चालत येऊन बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमाराच्या दुष्काळांत अनाथ झालेलीं मुलें ह्या दांपत्यानें आपल्या घरांत घेतलीं. जिच्या हंड्यास कोणी शिवूं नये असा जिचा नेम होता, तीच माउली आतां सर्व जातींच्या पोरांना आपल्या हातानें जेवूं घालूं लागली. तारण म्हणजे काय, हें समजावून सांगण्यास ह्याहून मोठ्या प्रवचनाची गरज नाहीं.

इ. स. १९०४ मध्यें टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. परंतु मंडळीची त्यांनीं जी सर्वांत मोठी सेवा केली ती व्यासपीठावरून केली नाहीं, ती गाण्यांतून केली. त्यांच्यापूर्वीं मराठींत ख्रिस्ती गीतें नव्हतीं असें नाहीं. मिशनरी लोकांनीं इंग्रजी गीतांचीं भाषांतरें केलेलीं होतीं, आणि कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारख्यांनीं देशी चालींवर पदें व कीर्तनें रचून वाटहि पाडली होती. परंतु उपासनेंत विलायती चालींचेंच प्राबल्य असे. त्या चालींत बसवितांना मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ मोडत. जो शेतकरी लहानपणापासून टाळमृदंगाच्या नादांत वाढला त्याच्या जिभेवर तें गीत चढत नसे. तो मंदिरांत देवापुढें उभा राही खरा, परंतु परक्याच्या घरीं उभें असल्यासारखा.

टिळकांनीं ओंवी, अभंग, पद, भजन व कीर्तन हीं आपलीं जुनीं साधनें हातीं घेतलीं आणि तीं ख्रिस्ताच्या चरणीं वाहिलीं. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलों, असें ते सांगत असत. संतांनीं विठ्ठलास माउली म्हटलें, टिळकांनीं ख्रिस्ताला माउली म्हटलें. भजनाची रीतच अशी आहे, कीं पुढारी एक चरण म्हणतो आणि मंडळी तो उचलते, ध्रुवपद पुनःपुनः येतें, आणि ज्याला अक्षरओळख नाहीं तोहि दोन-तीन वेळां म्हटल्यावर सर्वांबरोबर गाऊं लागतो. ज्या बाईच्या हातीं पुस्तक देऊन उपयोग नव्हता ती आतां जात्यावर दळतां दळतां पापक्षमेचा व कृपेचा अर्थ गाऊं लागली. आठवड्यांतून एकदां होणारी उपासना अशा रीतीनें सहा दिवसांच्या कामांत उतरली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' ह्या पुस्तकांत टिळकांचीं दोनशेंहून अधिक गीतें आहेत, ह्यावरून त्यांच्या श्रमांची कल्पना येईल.

ह्या गीतांत प्रार्थनेचें जें रूप दिसतें तें ध्यानांत घेण्याजोगें आहे. आपण पुष्कळदां प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी समजतों. परीक्षा जवळ आली कीं ती लांबते, निकाल लागला कीं ती आंखुडते. टिळकांच्या अभंगांत मागणें थोडें आणि बोलणें फार आहे. लेंकरूं आईशीं बोलतें तसें ते ख्रिस्ताशीं बोलतात, रुसतात, आपला अपराध कबूल करितात, आणि नुसतें जवळ बसण्यांतहि सुख मानितात. तारण म्हणजे मरणानंतरची केवळ एक सोय, असें त्यांना वाटत नव्हतें. आज, ह्या घरांत, ह्या स्वभावासकट प्रभूच्या सहवासांत राहणें व त्या सहवासानें बदलत जाणें, ह्यालाच ते तारण समजत. आणि त्यांचा स्वभाव बदलण्यास जागाहि पुष्कळ होती. ते उतावळे होते, क्षणांत रागावत व क्षणांत विरघळत. पैसा हातीं टिकत नसे, दारीं याचक आला कीं घरांत काय आहे हें ते पाहत नसत. त्यांच्या उदारपणाचा भार संसार चालविणाऱ्या लक्ष्मीबाईंवर पडे, आणि हें सारें त्या बाईंनीं हंसत हंसत लिहून ठेविलें आहे. संत म्हणजे निर्दोष पुतळा, अशी समजूत असणाऱ्यांनीं तें पुस्तक अवश्य वाचावें.

ख्रिस्ती झालों म्हणून मी हिंदी राहिलों नाहीं, असें टिळकांच्या स्वप्नींहि आलें नाहीं. देशावर त्यांनीं उत्कट कविता केल्या. फुलांवर व मुलांवर त्यांचें इतकें प्रेम होतें, कीं फुलामुलांचे कवि असें नांव त्यांना मिळालें. बालकवि ठोमरे ह्यांना त्यांच्या घरीं पुत्राप्रमाणें आसरा मिळाला. इ. स. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे ते संपादक होते. येशूचें चरित्र ओंवीबद्ध करावें म्हणून इ. स. १९०९ मध्यें त्यांनीं 'ख्रिस्तायन' आरंभिलें. पहिले कांहीं अध्याय त्यांच्या हातून झाले. उरलेला मोठा भाग पुढें लक्ष्मीबाईंनीं रचिला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर इ. स. १९३८ मध्यें तें महाकाव्य प्रसिद्ध झालें. जी पत्नी एकदां ख्रिस्ताचें नांव ऐकून रडली होती, तिनेंच पतीचें ख्रिस्तचरित्र तडीस नेलें!

वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर माणूस विश्रांतीचा विचार करितो. टिळकांनीं इ. स. १९१७ मध्यें मिशनची पगारी नोकरी सोडली आणि सातारा येथें 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सर्वांनीं, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तेथें भावाभावांप्रमाणें एकत्र यावें, भजन करावें व लोकांची सेवा करावी, अशी ती कल्पना होती. बाप्तिस्म्याविना शिष्यत्व कसें, अशी शंका मंडळींतील कांहींस आली, आणि ती शंका सर्वस्वी निराधार होती असें म्हणवत नाहीं. परंतु टिळकांचें म्हणणें इतकेंच होतें, कीं दार उघडें ठेवावें. आंत येणारास प्रभु स्वतः भेटेल. महिन्याचा ठराविक पगार सोडून त्यांनीं भरंवशावर जगण्यास आरंभ केला. जो उपदेश त्यांनीं इतरांस केला होता तो त्यांनीं उतारवयांत स्वतःच्या पोटावर घेतला.

हें काम दोन वर्षेंहि पुरतीं चाललें नाहीं. प्रकृति ढांसळली, आणि ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस जे. जे. रुग्णालयांत त्यांनीं देह ठेविला. दरबार त्यांच्यामागें टिकला नाहीं, परंतु भजन टिकलें. त्यांची संस्था ज्यांना ठाऊक नाहीं त्यांच्याहि घरीं सायंकाळीं त्यांचें पद म्हटलें जातें.

विद्यार्थीमित्रहो, ह्या चरित्रापासून एक गोष्ट तरी आपण घेऊं या. देवाशीं बोलावयास उसनी भाषा लागत नाहीं. जी भाषा आईनें शिकविली, जिच्यांत आपण भांडतों व हंसतों, तींतच प्रार्थना करावी, म्हणजे मंदिराबाहेर पडल्यावर ती आपल्यास सोडून जात नाहीं. आणि पालकांसहि नम्र विनंति आहे, कीं रोज रात्रीं दिवा लागल्यावर दहा मिनिटें घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें व एक पद म्हणावें. सूर चुकला तरी चिंता नाहीं. पद म्हणून झाल्यावर मात्र दिवसभरांत ज्याच्याशीं कडू बोललों असूं त्याच्याशीं समेट करूनच उठावें, म्हणजे तें गाणें खरें झालें असें होईल.