प्रेबिश यांचा दुसरा इशारा

आयात होणाऱ्या वस्तू देशातच तयार करून औद्योगिकीकरण साधावयाच्या धोरणाशी राउल प्रेबिश यांचे नाव कायमचे निगडित झाले आहे. त्या धोरणाच्या यशाचे श्रेय त्यांच्या वाट्याला बेताचेच आले. अपयश मात्र सर्वस्वी त्यांच्या माथी मारले जाते. हा न्याय नव्हे.

१९०१ साली अर्जेंटिनातील तुकुमान येथे जन्मलेले प्रेबिश तरुणपणी खुल्या व्यापाराचेच पुरस्कर्ते होते. धान्य व मांस विकावे आणि यंत्रे विकत घ्यावीत, यात त्यांना काहीच वावगे वाटत नसे. जागतिक मंदीने ही श्रद्धा ढासळली. १९३३ साली ब्रिटनशी झालेल्या वाटाघाटींत ते आपल्या देशाच्या बाजूने सहभागी होते. गोमांसाची एक बाजारपेठ टिकविण्यासाठी अर्जेंटिनाला ब्रिटिश मालास केवढ्या सवलती द्याव्या लागल्या, हे त्यांनी जवळून पाहिले. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती बँकेचे ते पहिले महाव्यवस्थापक. १९४३ च्या लष्करी उठावानंतर ते पद गेले.

१९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिकाविषयक आर्थिक आयोगासाठी त्यांनी आपला सुप्रसिद्ध प्रबंध लिहिला. पक्क्या मालाच्या तुलनेत कच्च्या मालाच्या किमती दीर्घकाळ घसरत आल्या आहेत, हे त्याचे सूत्र. औद्योगिक देशांत उत्पादकता वाढली की तिचा लाभ संघटित कामगारांच्या वेतनात व उद्योजकांच्या नफ्यात मुरतो. शेतमाल विकणाऱ्या देशांतून तोच लाभ स्वस्त भावाच्या रूपाने परदेशी ग्राहकाकडे वाहून जातो. हान्स सिंगर हेही याच सुमारास स्वतंत्रपणे याच निष्कर्षाप्रत पोहोचले होते.

येथपर्यंतचे प्रेबिश सर्वांना ठाऊक असतात. परंतु जकातीच्या उंच भिंतीआड वाढलेल्या उद्योगांवर बोट ठेवणाऱ्यांतही ते अग्रभागी होते. स्पर्धेअभावी हे कारखाने महागडे व सुस्त झाले आहेत. प्रत्येक देशाने आपल्या चिमुकल्या बाजारपेठेपुरते तेच तेच कारखाने उभारण्यात अर्थ नाही. निर्यात वाढल्यावाचून यंत्रसामग्रीसाठी परकीय चलन मिळणार नाही, असे त्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभीच बजावले. संरक्षणाच्या उबेला सरावलेल्या कारखानदारांना ते रुचण्यासारखे नव्हतेच.

निर्यातीसाठी श्रीमंत देशांचे दरवाजे उघडावेत म्हणून ते संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे पहिले महासचिव या नात्याने झटले. १९६८ मध्ये या परिषदेचे दुसरे अधिवेशन नवी दिल्लीत भरले आणि विकसनशील देशांच्या पक्क्या मालाला जकातीत सवलत देण्याचे तत्त्व मान्य झाले. अमेरिकेने आपली सवलत योजना लागू केली ती १९७६ मध्ये, आणि तीही बहुतांश कापड वगळून!

१९८६ साली सान्तियागो येथे प्रेबिश यांचे निधन झाले. त्या वेळी कर्जाने वाकलेले लॅटिन अमेरिकेतील देश एकामागून एक त्या जकातीच्या भिंती पाडावयास निघाले होते.