चौकोनी कव्हरमागची गोल तबकडी

आमच्या विंगमध्ये प्रत्येकाच्या हार्ड डिस्कवर गाण्यांचा एक फोल्डर असतोच. त्यात हजारभर गाणी असतात आणि निम्म्यांना कव्हर नसतं. प्लेयर तिथे करड्या रंगाचं एक रिकामं चौकोनी खोकं दाखवतो. मला ते खोकं बघवत नाही, म्हणून सुट्टीत मी एकेका अल्बमचं कव्हर शोधत बसते. एकदा सहज मनात आलं, गाणं गोल तबकडीवरचं, मग त्याचं चित्र चौकोनी का? उत्तर शोधता शोधता मी एमिल बर्लिनर या माणसापर्यंत पोचले.

बर्लिनरचा जन्म 1851 साली जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. चौदाव्या वर्षी शाळा संपली. घरची परिस्थिती बेताची, म्हणून छापखान्यात आणि कापडाच्या दुकानात काम केलं. 1870 मध्ये, जेमतेम आपल्या फर्स्ट इयरच्या वयाचा असताना, तो अमेरिकेला गेला. दिवसा दुकानात कारकुनी आणि प्रयोगशाळेत बाटल्या धुणं, रात्री वाचनालयात बसून विजेचा अभ्यास. इंजिनीअरिंगची डिग्री त्याच्याकडे कधीच नव्हती. तरी 1877 मध्ये त्याने टेलिफोनसाठी मायक्रोफोन बनवला आणि बेल कंपनीने त्याचे हक्क विकत घेऊन त्याला नोकरी दिली.

त्याच वर्षी एडिसनने फोनोग्राफ काढला होता. त्यात आवाज नळकांड्यावर कोरला जायचा. ऐकायला छान, पण कॉप्या काढणं महाकठीण. गायकाला तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणावं लागायचं. बर्लिनरने नळकांडं सोडून सपाट चकती घेतली. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुई त्यावर आडवी थरथरत रेघ ओढणार, मग ॲसिडने ती रेघ पत्र्यात कोरायची. त्यावरून धातूचा उलटा साचा बनवला की पाहिजे तेवढ्या तबकड्या दाबून काढा. प्रॉडक्शनवाल्यांना वेगळं सांगायला नको! 1887 मध्ये पेटंट मिळालं, 1888 मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने ते करून दाखवलं. आधी तबकड्या कडक रबराच्या असत, पुढे लाखेच्या झाल्या. आणि लाख म्हणजे आपल्याकडचा माल.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. नळकांडं ठेवायला डबा लागतो. सपाट तबकडीला मात्र मधे नाव लिहायला जागा मिळते आणि ती चौकोनी पाकिटात बसते. सुरुवातीला नाव तबकडीवरच कोरलेलं असायचं, 1900 मध्ये कागदी लेबल आलं. तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या पुस्तकात ठेवायला लागले, तिथूनच अल्बम हा शब्द. 1940 च्या सुमारास ॲलेक्स स्टाइनवाइस या चित्रकाराने त्या पुस्तकांवर चित्रं काढली, 1948 मध्ये एलपी आली आणि बारा इंचांचं चौकोनी कव्हर ठरूनच गेलं. आपल्या मोबाईलवरचा चौकोन तोच.

पण बर्लिनरला हे सगळं सुखासुखी मिळालं नाही. अमेरिकेतली विक्री त्याने फ्रँक सीमन नावाच्या माणसाकडे सोपवली होती. तोच दुसरं यंत्र विकायला लागला आणि 1900 मध्ये त्याने कोर्टाकडून बर्लिनरवर मनाई आणली. स्वतः शोधलेला ग्रामोफोन स्वतःच्याच देशात विकायची बंदी! दुसरा कोणी खचला असता. बर्लिनरने कॅनडात मॉन्ट्रियलला बस्तान हलवलं. अमेरिकेतलं काम त्याचा जोडीदार एल्ड्रिज जॉन्सनने पुढे नेलं, 1901 मध्ये त्यातून व्हिक्टर कंपनी उभी राहिली. त्याच धामधुमीत बर्लिनरने एका चित्राचा ट्रेडमार्क अमेरिकेत नोंदवला. फ्रान्सिस बॅरॉडने काढलेलं, कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचं ते चित्र. तुमच्या आजोबांच्या एचएमव्ही रेकॉर्डवर असतं, तेच.

त्याने लंडनला सुरू करवून दिलेल्या कंपनीची माणसं 1902 मध्ये कलकत्त्याला आली आणि गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरलं. तबकड्या छापल्या गेल्या हॅनोव्हरला, बर्लिनरच्या गावी.

नंतर स्वतःचं मूल दुधामुळे आजारी पडलं, तेव्हा दूध तापवून निर्जंतुक करावं म्हणून याच माणसाने वॉशिंग्टनमध्ये मोहीम चालवली. 1929 मध्ये तो तिथेच वारला.

म्हणून मित्रांनो, कव्हर लावताना एवढं बघा. जुन्या रेकॉर्डवरच्या गाण्याला सिनेमाचं पोस्टर ताणून चिकटवू नका, त्याच्या लेबलचाच स्वच्छ फोटो शोधा. चित्र चौकोनी आणि निदान पाचशे पिक्सेलचं असू द्या, आणि ते फाइलच्या टॅगमध्ये घाला, म्हणजे पेन ड्राइव्हवरून कॉपी केलं तरी सोबत जातं. लेबलवर गाणाऱ्याचं आणि वाद्यवाल्याचं नाव असेल तर तेही भरा. ज्याचं काम, त्याचं नाव दिसलं पाहिजे.