परक्या पदरातला कप

हातकणंगल्याहून रात्री सांगलीकडे निघालं, की समोरचा डिपर देत नाही म्हणून आपण चिडतो ना? अशाच डिपरच्या भानगडीतून फिनलंडच्या पाउली टॉइवोनेन यांना एक कप मिळाला, पण त्याचं सुख काही लाभलं नाही.

पाउलींचा जन्म १९२९ चा. रॅली म्हणजे साध्याच रस्त्यांवरून, घाटांतून, बर्फातून वेळ लावून गाडी हाकायची. १९६६ च्या जानेवारीत मॉन्टे कार्लो रॅलीत पाउली पाचवे आले. पहिल्या तीन चिमुकल्या मिनी गाड्या, चौथी फोर्ड. पण तपासणीत त्यांचे हेडलाइट नियमात बसेनात. बल्बमध्ये दोनऐवजी एकच तार, त्यामुळे प्रकाश खाली करता येईना. एकूण दहा गाड्या बाद! महिलांचं बक्षीस पटकावलेली डब्लिनची ड्रेस डिझायनर रोझमेरी स्मिथसुद्धा त्यातच गेली. नियम तो नियम, मान्य. पण एवढ्या बर्फातून गाडी आणलेल्या बाईचं बक्षीस बल्बपायी जावं? मला तर फार लागलं.

पाउलींच्या सित्रोएनला पहिला नंबर मिळाला. मोनॅकोचे प्रिन्स रेनिए समारंभाआधीच निघून गेले. कप घेताना पाउलीही अवघडले होते. पुढे त्यांनी सित्रोएन सोडली आणि १९६८ साली पोर्शे चालवून युरोपचं विजेतेपद स्वतःच्या हिमतीवर मिळवलं.

मुलगा हेन्री बापाच्याच वाटेनं गेला. १९८६ च्या जानेवारीत, बरोबर २० वर्षांनी, त्यानं मॉन्टे कार्लो जिंकली. घराण्याचं नाव धुऊन निघालं, असं त्याला वाटलं. त्याच वर्षी २ मे रोजी कॉर्सिकातल्या रॅलीत त्याची गाडी दरीत कोसळली. हेन्री २९ वर्षांचा होता. पाउली त्यानंतर १९ वर्षं जगले. २००५ मध्ये गेले.