पंडिता रमाबाई : सेवेने मिळविलेले नेतृत्व

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी ज्ञातीतील कर्तबगार स्त्रीपुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होत असतात. विद्वान, न्यायाधीश, देशभक्त, उद्योजक अशा अनेकांचा परिचय आजवर वाचकांस झाला आहे. परंतु एक नाव या पानांवर क्वचितच येते. माझ्या बालपणी घरातील वडीलधारी माणसे ते नाव घेताना आवाज किंचित खाली आणीत. त्या बाईंची विद्वत्ता सर्वांस मान्य होती. त्यांनी केलेले धर्मांतर मात्र कोणासही विसरता येत नव्हते. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या धर्ममताचा निवाडा करणे हे या लेखाचे प्रयोजन नाही. झपाट्याने पालटणाऱ्या काळात पुढारीपण म्हणजे काय, हे त्यांनी आपल्या आयुष्याने कसे दाखविले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे चित्तपावन कुळात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित. स्त्रीने संस्कृत शिकणे हे पाप मानले जाई अशा त्या काळी त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ती विद्या आपल्या कन्येच्या पदरात घातली. पुढे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थयात्रा करू लागले. रमाबाईंस भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. पण घरातील द्रव्य संपले आणि दुष्काळ आला. या शास्त्र्यास मजुरी करण्याची सवय नव्हती व भीक मागण्याची लाज वाटे. अन्नान्न दशेत आईवडील निवर्तले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास व रमा, पायी देश हिंडत राहिली. भुकेची ही ओळख रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांच्या या मुलीचे संस्कृत ऐकून तेथील विद्वान थक्क झाले आणि त्यांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. हा विवाह आंतरजातीय होता, आणि तोही धर्मविधीवाचून नोंदणीने झालेला. कन्या मनोरमा हिचा जन्म १८८१ चा. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत त्या अनाथ, बंधुहीन आणि विधवा झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य तयार झाल्या पाहिजेत असे प्रतिपादन केले. सभांतून त्यांचे भाषण ऐकण्यास गर्दी लोटे. मान होता, कीर्ती होती. पण रमाबाईंची दृष्टी श्रोत्यांवरून घरच्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्या केशवपन केलेल्या मुलीकडे जात होती. व्याख्यानाने तिचे पोट भरणार नव्हते.

वैद्यक शिकण्याच्या हेतूने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. श्रवणशक्ती मंद होत चालल्याने तो बेत तडीस गेला नाही. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयास असता त्यांनी लंडनजवळील फुलम येथील एक आश्रम पाहिला. समाजाने टाकून दिलेल्या पतित स्त्रियांची शुश्रूषा तेथे कुलीन बायका स्वहस्ते करीत होत्या. अशा स्त्रीस शिक्षा सांगणारे ग्रंथ त्यांनी पुष्कळ वाचले होते. तिचे पाय धुणारी माणसे त्या प्रथमच पाहत होत्या. ही वृत्ती कोठून येते असे त्यांनी विचारले, तेव्हा ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा त्यांस वाचावयास मिळाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. परंतु बुद्धी मात्र त्यांनी कोणाकडे गहाण ठेवली नाही. चेल्टनहॅमच्या कन्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये असा सल्ला धर्माधिकाऱ्यांकडून आला, तेव्हा त्यांनी त्याचा स्पष्ट शब्दांत प्रतिवाद केला.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या अमेरिकेत गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ संस्था स्थापन झाली व तिने दहा वर्षे मदत देण्याचे पत्करले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. तीच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची सहधर्मचारिणी झाली. महर्षींच्या कार्याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. त्या घरात शारदासदनाची शिदोरी आली होती, याची आठवणही ठेवली पाहिजे.

पुण्यास स्थलांतर झाल्यावर १८९३ साली वादळ उठले. सदनात धर्मशिक्षण देणार नाही असे रमाबाईंनी जाहीर केले होते. त्या स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. पालकांस हा विश्वासभंग वाटला, ‘केसरी’ने कडक टीका केली, रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक मुली घरी नेण्यात आल्या. दूरच्या गावाहून मुलगी ठेवून गेलेल्या बापाची चिंता खोटी म्हणता येत नाही. तथापि, एक प्रश्न आपण आपणांसच विचारला पाहिजे. त्या मुलींस आश्रय देणारे दुसरे घर आपल्यापैकी किती जणांनी तेव्हा उघडले होते? महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये आश्रम काढला, तोवर उत्तर देण्यास आपण जवळजवळ असमर्थच होतो.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. सल्लागार गेले होते, समाज दुरावला होता; एखादी व्यक्ती खचून बसली असती. रमाबाई दुष्काळी मुलुखात गेल्या. रस्त्याकडेच्या अनाथ मुली व विधवा गोळा करून त्यांनी त्या पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे आणल्या. शारदासदन उच्चवर्णीय विधवांसाठी निघाले होते. केडगावच्या मुक्तिसदनाने जात विचारली नाही. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पतित स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, अंध मुलींना वाचनलेखन शिकविण्याची सोय झाली.

येथेच रमाबाईंच्या नेतृत्वाचे खरे स्वरूप दिसते. पांढरे सुती पातळ नेसून त्या त्या मुलींमध्येच राहत. आलेल्या मुलीचे केस उवांनी भरलेले, अंगावर फोड, तोंडात शिव्या. तिला न्हाऊ घालून, खाऊ घालून मग अक्षर शिकवावयाचे, हा क्रम. शेती, विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, छापखाना ही सर्व कामे बायकाच करीत. आगगाडी, मुद्रणयंत्र, परदेशची वर्गणी ही नव्या काळाची साधने रमाबाईंनी निःसंकोचपणे वापरली. पण ती राबविणारे हात दुष्काळातून उचललेल्या मुलींचे होते. सेवा घेणाऱ्यास जन्मभर सेवकावर अवलंबून ठेवील ती सेवा नव्हे, हे त्यांनी ओळखले होते.

उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. ज्या पंडितेने विद्वत्सभा जिंकल्या, तिने आपली सर्व विद्या खेड्यातील अल्पशिक्षित बाईस समजेल अशी सोपी भाषा शोधण्यात खर्च केली. खिळे जुळविणाऱ्याही आश्रमातील बायकाच होत्या. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. कार्याची वारस म्हणून जिच्याकडे पाहिले तीच आधी गेली, तरी कामात खंड पडला नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. भाषांतराचा ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. केडगावची संस्था आजही चालू आहे. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आजचा काळही वेगाने पालटत आहे. आपली मुले परदेशी आहेत, घरोघरी वृद्ध एकटे आहेत, आणि प्रत्येक मंडळात पदे भूषविण्यास माणसे मिळतात; स्नेहसंमेलनाच्या शेवटी सतरंज्या उचलण्यास मिळत नाहीत. रमाबाईंचा धर्म आपण स्वीकारला नाही, स्वीकारण्याचे कारणही नाही. पण मान मिळताच त्या तो बाजूला ठेवून अधिक खालचे काम हाती घेत गेल्या, हा धडा कोणत्याही धर्माच्या माणसास घेता येईल. आपल्या ज्ञातीने एका कन्येस एकदा दाराबाहेर ठेवले. तिचे चरित्र मुलाबाळांस मोकळ्या आवाजात वाचून दाखविणे, आणि आपल्याच आळीतील एखाद्या एकाकी वृद्धेच्या घरी आठवड्यातून एकदा जाऊन येणे, एवढे जरी आपल्या हातून घडले तरी ते ऋण काही अंशी फिटेल, असे मला नम्रपणे वाटते.