डॉ. रॉबर्ट कॉख

रॉबर्ट कॉख यांचा जन्म १८४३ सालीं जर्मनींतील क्लाउस्थाल येथें झाला. एका लहानशा गांवीं वैद्यकी करीत असतां १८७६ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, काळपुळीचे जंतु प्रतिकूल परिस्थितींत चिवट बीजाणूंचें रूप धारण करितात. पुढें १८८१ सालीं बर्लिन येथें त्यांनीं हे बीजाणु रेशमी धाग्यांवर वाळवून निरनिराळ्या जंतुनाशकांत बुडविले. बीजाणु न झालेले जंतु सौम्य कार्बॉलिक पाण्यानेंच मेले; परंतु ज्या कार्बॉलिक तेलावर शस्त्रवैद्य निर्धास्तपणें विसंबत, त्यांत बीजाणु जिवंतच राहिले! रोग्यांच्या प्राणांवर बेतणारी भ्रांति अशी फिटली. १९०५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९१० सालीं ते निवर्तले. विद्यार्थ्यांनो, प्रयोगानें पारखल्यावांचून कशावरही विसंबूं नये, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय.