पैठणीतला राजहंस

गुढीपाडव्याच्या सकाळी कांदिवलीच्या चारकोपमध्ये फेरफटका मारला, तर काळाची चाके उलटी फिरल्याचा भास होतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८०च्या दशकात 'म्हाडा'ने आखलेली ही सेक्टरांची वसाहत. एरवी जीन्स आणि कुर्ती घालून लोकल गाठणाऱ्या इथल्या मुली त्या दिवशी नऊवारी नेसून, नाकात नथ घालून आणि अंबाड्यावर गजरा माळून बाहेर पडतात. ही नऊवारी बहुतेक वेळा शिवलेली असते, नथ चापाची असते आणि दुपारनंतर दोन्ही कपाटात जातात. आजीने मोठ्या हौसेने टाकून दिलेला वेश नात तितक्याच हौसेने परत आणते, हा फॅशनचा जुनाच खेळ आहे. मात्र मराठी स्त्रीच्या या शृंगाराला ज्यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी घाट दिला, त्यांत एक ठळक नाव पुरुषाचे आहे, याचे स्मरण फार थोड्यांना असते. ते नाव म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

२६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या नारायणाचा गळा लहानपणीच लोकांच्या कानांत भरला. त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' हे नाव दिले आणि पुढे तेच जन्मनाव असल्यासारखे रूढ झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा आश्रय लाभला आणि १९०५ मध्ये नारायण किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. मिरजेत 'शाकुंतल'मधील शकुंतलेच्या भूमिकेत तो रंगभूमीवर उभा राहिला. भाऊराव कोल्हटकरांच्या १९०१ मधील निधनाने रिकामी झालेली जागा भरून निघाल्याची ग्वाही रसिकांनी दिली. भास्करबुवा बखल्यांच्या तालमीने त्या गळ्याला शास्त्राची बैठक मिळाली.

स्त्रीभूमिका करणारे नट त्यापूर्वीही होते. बालगंधर्वांचे वेगळेपण असे, की त्यांनी नाटकी वेशाला घरंदाज वेशाचे रूप दिले. खाडिलकरांच्या 'मानापमाना'तील भामिनी आणि १९१६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'स्वयंवरा'तील रुक्मिणी यांच्या अंगावर खऱ्या जरीचे शालू आणि उंची पैठण्या असत. लुगड्याचा काठ, पदराची ठेवण, चोळीचा रंग, अंबाड्यातले फूल यांचा विचार ते गाण्यातल्या जागेइतकाच बारकाईने करीत. नाट्यगृहात अत्तराचा दरवळ पसरे. त्या काळी कुलीन घरांतल्या स्त्रिया नुकत्याच नाटकाला येऊ लागल्या होत्या. प्रयोग पाहून परतल्यावर तशीच चोळी, तसाच अंबाडा आणि तसाच पदर हवा, असा हट्ट घरोघरी सुरू झाला. पुरुषांत गंधर्व टोपीची टूम निघाली आणि त्यांच्या छायाचित्रांवर जाहिरातदारांची नजर गेली.

पुरुषाने नेसून दाखवलेले लुगडे स्त्रियांनी आदर्श मानावे, हे आज विचित्र वाटते. तेव्हाही नाके मुरडणारे होतेच. पण यामागे त्या समाजाची एक अडचण होती. रंगमंचावर उभी राहणारी स्त्री प्रतिष्ठित मानली जात नव्हती, त्यामुळे तिच्या वेशाचे अनुकरण करणे कुलीन स्त्रीला शक्य नव्हते. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा वेश प्रतिष्ठित होता, पण त्यात नावीन्य नव्हते. या दोहोंमधली मोकळी जागा बालगंधर्वांनी भरून काढली. ते पुरुष असल्यामुळेच त्यांच्या शृंगाराला बट्टा लागत नव्हता. नटण्याची जी मुभा समाज स्त्रीला उघडपणे देत नव्हता, ती एका नटाच्या आडून मिळाली.

या वैभवाची दुसरी बाजू मात्र करुण आहे. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. घरी शोक असताना ते भामिनीचा साज चढवून रसिकांसमोर उभे राहिले. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला, पैसाही आला आणि आला तसा गेला. १९२० च्या 'द्रौपदी'तील मयसभेच्या देखाव्यावर तो पाण्यासारखा ओतला गेला. भागीदार एकेक करून दूर झाले आणि मंडळीवर कर्जाचा डोंगर उभा राहिला. चाहत्यांनी निधी जमवण्याची तयारी दाखवली. बालगंधर्वांनी ती नाकारली आणि वर्षानुवर्षे प्रयोग करून कर्ज फेडले. खोटी जर वापरली असती, तर दूरच्या प्रेक्षकाला ती कळलीही नसती. तरीही त्यांनी ती वापरली नाही. हिशेबी माणसाला हा वेडेपणा वाटेल, पण मायबाप रसिकांना उणे काही द्यायचे नाही, हा त्यांचा धर्म होता. याच बालगंधर्वांनी १९१९ मध्ये गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त सिंधूसाठी ठिगळांचे लुगडे नेसून प्रेक्षकांना रडवले, हेही विसरता येत नाही.

पुढे काळ बदलला. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाट्यसंस्था काढली. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' आले आणि स्त्रियांनीच स्त्रीभूमिका करण्याची वाट रुंद झाली. बोलपटांनी प्रेक्षक ओढून नेले. शहरी स्त्रीने नऊवारी सोडून पाचवारी जवळ केली. १९३५ मध्ये 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व संत एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या वेशात दिसले. पण रसिकांचे मन त्यात रमले नाही आणि त्यांचेही रमले नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. वय झाले, देह स्थूल झाला, तरी शालू सुटला नाही. जो वेश एकेकाळी नव्या काळाची खूण होता, तोच आता जुनाट ठरला. तरुण पिढीला त्यात विसंगती दिसे, जुन्या रसिकांना डोळे मिटून ऐकावेसे वाटे. फॅशन निर्माण करणाराच तिच्यात अडकून पडावा, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

अखेरच्या वर्षांत पाय अधू झाले आणि हलाखी वाट्याला आली. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले, पण ते उशिराच. १५ जुलै १९६७ रोजी हा राजहंस कायमचा उडून गेला. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले.

२०११ मध्ये त्यांच्या जीवनावर 'बालगंधर्व' हा चित्रपट आला. सुबोध भावे यांनी ती भूमिका केली आणि वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुने शालू, नथी आणि अंबाडे नव्या पिढीने तेव्हा पडद्यावर डोळे भरून पाहिले. आजची नऊवारी सोयीची आहे, ती दोन मिनिटांत चढते, आणि त्यात गैर काहीच नाही. नेसणारीला नटण्यासाठी आता कोणा नटाची आड लागत नाही, हे तर चांगलेच झाले. बालगंधर्वांच्या शालूमागे मात्र एका माणसाने आपले सर्वस्व पणाला लावले होते, एवढे ती नऊवारी घडी करून ठेवताना आठवले तरी पुरे.