यंत्रकासवांचे जनक विल्यम ग्रे वॉल्टर

शाळा सुटून घरीं निघालेल्या मुलास भूक लागलेली असते, आणि त्याच वेळीं मैदानावरील सवंगड्यांची हांकही ऐकूं येत असते. आधीं घर कीं आधीं खेळ, याचा निर्णय तें मूल क्षणांत करतें. असा निर्णय निर्जीव यंत्रास करतां येईल काय, हें पाहण्यासाठीं ज्यांनीं स्वतः यंत्रें बांधलीं, त्या विल्यम ग्रे वॉल्टर यांचा अल्प परिचय आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस करून देत आहों.

वॉल्टर यांचा जन्म १९१० सालीं अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें झाला. बालपणींच ते इंग्लंडांत आले व केंब्रिज येथें त्यांचें उच्च शिक्षण झालें. मेंदूंत अखंड चालणाऱ्या सूक्ष्म विद्युल्लहरी कागदावर उमटविण्याचें शास्त्र त्या काळीं नवें होतें. त्यास त्यांनीं वाहून घेतलें. विशिष्ट मंद लहरी कोठें उमटतात हें पाहून मेंदूंतील गांठीची जागा कवटी न उघडतां सांगतां येते, हें त्यांनीं १९३६ सालीं दाखवून दिलें. १९३९ पासून ब्रिस्टल येथील बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ही त्यांची कर्मभूमि झाली.

मेंदूंत अब्जावधि पेशी असतात. प्राण्यांच्या वर्तनांतील विविधता पेशींच्या संख्येमुळें येते, कीं त्यांच्या परस्परांतील जोडणीमुळें, हा प्रश्न त्यांच्या मनांत घोळत होता. १९४८-४९ च्या सुमारास त्यांनीं पत्नीच्या साह्यानें एल्मर व एल्सी हीं दोन यंत्रकासवें तयार केलीं. तीन चाकें, दोन मोटरी, बॅटरी, प्रकाश ओळखणारा एक डोळा, धक्का जाणणारें कवच, आणि मेंदूच्या जागीं जुन्या रेडिओंत असत तसे अवघे दोन व्हॉल्व्ह; एवढाच काय तो संसार!

परंतु या संसारांतही ओढाताण होतीच. मंद दिवा दिसला कीं कासव त्याकडे जाई. फार जवळ जाऊन प्रकाश प्रखर झाला म्हणजे तोंड फिरवी. वाटेंत खुर्चीचा पाय आडवा आला तर प्रकाशाचा मोह तेवढ्यापुरता सुटे, व ढकलाढकली करीत तें आधीं वाट मोकळी करून घेई. बॅटरी उतरूं लागली म्हणजे मात्र त्याची दृष्टि मंदावे. मग पूर्वीं डोळे दिपविणारा दिवाच सौम्य व हवासा वाटे, आणि कासव दिवा लावलेल्या आपल्या घरकुलांत शिरून बॅटरी भरून घेई. दोन सारख्या गवताच्या भाऱ्यांमध्यें उभें राहून उपाशी मेलेल्या गाढवाची कथा युरोपांत प्रसिद्ध आहे. वॉल्टर यांचें कासव दोन दिव्यांमध्यें तसें अडून बसत नसे. फिरत्या डोळ्यास जो दिवा आधीं दिसे त्याकडे तें जाई, तेथून परतून दुसऱ्याकडे वळे. यास निर्णय म्हणावें काय, यावर पंडितांनीं खुशाल वाद घालावा. कोणती गरज केव्हां पुढें यावी, याचा क्रम तारांच्या जोडणींतच होता, एवढें आम्हांस दिसतें.

पुढें त्यांनीं यंत्रास शिकवावयाचें मनावर घेतलें. या नव्या जोडणीचें नांव कोरा. आमच्या कोऱ्या पाटीची आठवण करून देणारें हें नांव केवळ योगायोगाचें, कारण तें इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलें आहे. पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यास घंटेची संवय लागली, तशी या यंत्रास शिटीची लागली. शिटी व दिवा यांची पुनःपुन्हां गांठ घातली म्हणजे नुसत्या शिटीनेंही तें प्रतिसाद देई, आणि उजळणी थांबली कीं विसरूनही जाई! मात्र परस्परविरोधी असे दोन धडे एकदम दिले तर तें गोंधळून जाई. मग त्यास विश्रांति द्यावी लागे, नाहीं तर ती जोडणीच सोडवावी लागे. घरीं एक व शाळेंत दुसरें ऐकून भांबावलेलें मूल ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

१९५१ सालीं लंडनच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या प्रदर्शनांत नवीन बांधलेलीं कासवें हजारों लोकांनीं पाहिलीं. आज घरांतील केर काढून स्वतः बॅटरी भरावयास परतणारें यंत्र त्यांच्याच कुळांतील म्हणावयास हरकत नाहीं.

१९७० सालीं स्कूटरच्या अपघातांत वॉल्टर यांच्या डोक्यास गंभीर इजा झाली. ज्या मेंदूच्या लहरी वाचण्यांत त्यांचें आयुष्य गेलें, तोच त्यांचा स्वतःचा मेंदू जखमी झाला. पूर्वीची कार्यशक्ति त्यांस पुन्हां लाभली नाहीं. १९७७ सालीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचें एक कासव वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत जतन केलेलें आहे.